शिंकेल ग्रीक की गॉथिक?

तुमच्या सेमिनारसाठी तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुस्तकांत कार्ल फ्रीडरिश शिंकेलचं नाव 'नवअभिजातवादी जर्मन वास्तुकार', म्हणजे जुन्या ग्रीक-रोमन धर्तीवर बांधणारा, म्हणून येतं. मग त्यानंच बांधलेलं बर्लिनचं फ्रीडरिशस्वेर्डर चर्च गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन टोकदार कमानींच्या शैलीतलं, कसं? त्याची बाउअकादमी, म्हणजे वास्तुशिक्षणाची शाळा, धड ग्रीक नाही आणि धड गॉथिकही नाही, ती कोणत्या खात्यात टाकायची? आणि शेवटी तुम्ही विचारलंय की अथेन्सचे खांब उचलून बर्लिनला उभे करण्यात एवढं मोठेपण कसलं?

मी तीसेक वर्षं जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करते आणि जोडीला शिकवतेही. शिंकेलवर हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते. शिंकेलला एखाद्या शैलीच्या डब्यात बसवायला गेलं की तो हातातून निसटतो. तो आधी माणूस कुठे उभा आहे आणि तिथून त्याला काय दिसणार हे ठरवायचा, मग जागा, पैसा आणि माल बघायचा, आणि खांब की कमान हा प्रश्न त्यानंतर यायचा. ही सवय त्याला कुठून लागली ते कळलं की तुमच्या प्रश्नाची बरीचशी गाठ सुटते.

त्याचा जन्म १३ मार्च १७८१ चा, बर्लिनच्या वायव्येला असलेल्या नॉयरुपिन या गावचा. वडील तिथले वरिष्ठ धर्मगुरू. १७८७ च्या ऑगस्टमध्ये गावाला आग लागली आणि बहुतेक गाव जळालं. त्या धावपळीत वडिलांनी अंथरूण धरलं आणि ते गेले. शिंकेल तेव्हा सहा वर्षांचा होता. आई मुलांना घेऊन धर्मगुरूंच्या विधवांसाठी असलेल्या घरात राहिली. डोळ्यांसमोर राखेतून सगळं गाव नव्यानं आखलं जात होतं, सरळ रस्ते आणि मोठाले चौक पडत होते. लहानपणी बघितलेल्या गोष्टींचा मोठेपणीच्या कामाशी थेट धागा जोडताना मी सहसा जपून बोलते. पण पुढे या माणसानं नाट्यगृह बांधताना आग एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ नये म्हणून इमारतीचे भक्कम भिंतींनी तीन भाग पाडले, तेव्हा मला ते गाव आठवल्याशिवाय राहत नाही.

१७९४ मध्ये कुटुंब बर्लिनला आलं. तीन वर्षांनी तिथल्या कला अकादमीच्या प्रदर्शनात त्यानं फ्रीडरिश गिली या तरुण वास्तुकाराचं एक चित्र पाहिलं. बर्लिन ज्याची राजधानी त्या प्रशिया राज्याचा राजा फ्रेडरिक द ग्रेट, त्याच्या स्मारकाचा तो प्रस्ताव होता, उंच चौथऱ्यावरचं एक डोरिक मंदिर, म्हणजे जाड, साध्या माथ्याच्या ग्रीक खांबांचं. ते पाहून त्यानं शाळा सोडली आणि गिली व त्याचे वडील डाव्हिड गिली यांच्याकडे तो शिकायला लागला. ते स्मारक कधीच बांधलं गेलं नाही, आणि फ्रीडरिश गिली १८०० साली, अठ्ठावीस वर्षांचा असताना क्षयानं गेला. गुरूची अर्धी कामं एकोणीस वर्षांच्या शिष्याच्या अंगावर आली. १८०३ ते १८०५ या काळात तो इटलीला जाऊन आला. रोम, नेपल्स, सिसिली असा प्रवास करून परतताना पॅरिसला थांबला. तिथल्या वह्यांत मंदिरं आहेतच, पण साध्या शेतकऱ्यांची घरं, मध्ययुगीन वीटकाम आणि भोवतालची झाडी-डोंगरही तेवढ्याच प्रेमानं काढलेले आहेत. इमारत त्यानं जमिनीपासून तोडून कधी बघितलीच नाही.

आता जिथे विद्यार्थी पान उलटतात तिथे जरा थांबू या. १८०६ मध्ये नेपोलियननं प्रशियाचा पराभव केला. फ्रेंच फौजा बर्लिनमध्ये आल्या, तिजोरी रिकामी झाली आणि बांधकामं ठप्प झाली. पंचविशीतल्या वास्तुकाराला काम नाही. मग त्यानं काय केलं? त्यानं चित्रं काढली. पालेर्मो शहराचा मोठा वर्तुळाकार देखावा रंगवला. प्रेक्षक मधे उभा राहायचा आणि चारी बाजूंनी शहर. नाताळच्या सुमारास बर्लिनकर तिकीट काढून असे देखावे बघायला यायचे. दिवे, पडदे, संगीत यांच्या मदतीनं तो लोकांना लांबच्या जागी उभं केल्याचा भास द्यायचा. पुढे त्यानं नाटकांचे आणि ऑपेरांचे पडदे केले. १८१६ मध्ये मोत्सार्टच्या 'जादूची बासरी'साठी रात्रीच्या राणीचं दृश्य केलं: निळ्या घुमटात ओळीनं मांडलेल्या चांदण्या आणि खाली चंद्रकोरीवर उभी असलेली राणी. ते चित्र आजही लोक ओळखतात.

जवळजवळ दहा वर्षं या माणसानं विटेवर वीट फारशी ठेवली नाही. मात्र एवढ्या काळात तो एकच गोष्ट शिकत होता: प्रेक्षक अमुक ठिकाणी उभा आहे, त्याच्या डोळ्यांची उंची अमुक आहे, मग पुढे काय ठेवायचं, मागे काय, आणि कशातून काय दिसू द्यायचं. आमच्याकडे कॉलेजात विद्यार्थ्यांचं काम तपासणाऱ्या ज्यूरीला बोर्डावर प्लॅन आधी लागतो आणि पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे डोळ्यांना दिसेल तसं चित्र, शेवटच्या रात्री, जमेल तसं. शिंकेलनं आपल्या कामांचे जे चित्रसंच १८१९ पासून पुढे वीस वर्षं छापले, त्यांत इमारत बहुतेक वेळा शहरात उभी असलेली, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल तशी आहे. हा फरक नीट लक्षात घ्या.

१८१० मध्ये विद्वान आणि सरकारी अधिकारी विल्हेल्म फॉन हुम्बोल्टच्या शब्दामुळे त्याला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी मिळाली. ती त्यानं मरेपर्यंत केली, आणि अखेर तो खात्याचा प्रमुख झाला. युद्ध संपल्यावर पहिलं मोठं काम आलं ते नॉय वाखे, म्हणजे राजवाड्याजवळची पहारेकऱ्यांची चौकी, १८१६ ते १८१८. समोर सहा डोरिक खांब आणि मागे जवळजवळ बंद, चौकोनी ठोकळा. लहान इमारत आहे, पण शेजारच्या अवाढव्य शस्त्रागारापुढे ती दबत नाही. आज तिथे युद्ध आणि जुलूम यांना बळी पडलेल्यांचं राष्ट्रीय स्मारक आहे. आत छताच्या गोल उघड्या झरोक्याखाली मेलेल्या मुलाला कवटाळून बसलेली आई आहे. मूळ शिल्प केटे कोलवित्सचं, तिथे आहे ती त्याची मोठी प्रतिकृती. हिवाळ्यात तिच्यावर बर्फ पडतो.

१८१७ मध्ये शहरातलं नाट्यगृह जळालं आणि नवं बांधायचं काम शिंकेलकडे आलं. अट अशी की जुन्या इमारतीतलं जे वाचलंय ते वापरायचं: पाया, भिंतींचे भाग, दर्शनी आयोनिक खांब, म्हणजे माथ्याला गुंडाळीसारखी वळणं असलेले ग्रीक खांब. दुरुस्तीची कामं करणाऱ्या कुणालाही विचारा, यापेक्षा अवघड अट नाही. त्यानं ते खांब उंच पायऱ्यांवर घेतले आणि बाजूच्या भिंतींमध्ये नेहमीच्या खिडक्या ठेवल्याच नाहीत. उभ्या सडपातळ पट्ट्या आणि आडव्या पट्ट्या यांची एक जाळी केली आणि मधल्या जागा काचेला दिल्या. कल्पना अथेन्समधल्या थ्रॅसिलसच्या प्राचीन स्मारकावरून घेतलेली, पण ती भिंत बघताना आजच्या फ्रेम स्ट्रक्चरची, म्हणजे खांब-तुळयांच्या सांगाड्याची, चाहूल लागते. मे १८२१ मध्ये उद्घाटन झालं तेव्हा रंगमंचावरचा पडदा शिंकेलनंच केला होता. त्यावर काय होतं? तोच चौक, आणि त्या चौकात उभं असलेलं हेच नाट्यगृह. म्हणजे लोक इमारतीच्या आत बसून ती शहरात कशी दिसते ते बघत होते. त्याचं सगळं म्हणणं मला त्या एका पडद्यात सापडतं.

आता खांबांच्या प्रश्नाकडे येते, म्हणजे आल्टेस म्युझियमकडे. राजघराण्याकडचा कलासंग्रह लोकांसाठी खुला करायचा होता. आधीचा विचार जुन्या अकादमीच्या इमारतीतच फेरफार करून भागवायचं असा होता. शिंकेलनं १८२३ च्या सुरुवातीला वेगळाच आराखडा पुढे ठेवला: एक कालवा बुजवायचा आणि राजवाड्यासमोरच्या लुस्टगार्टन या बागेच्या मोकळ्या, उत्तरेच्या बाजूला नवी इमारत उभारायची. जमीन इतकी मऊ की पायासाठी हजारो लाकडी खुंट ठोकावे लागले. १८२५ मध्ये कोनशिला बसली आणि ३ ऑगस्ट १८३० ला संग्रहालय उघडलं.

जागेचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. दक्षिणेला राजवाडा, पूर्वेला कॅथीड्रल, पश्चिमेला पाण्यापलीकडे शस्त्रागार. राजा, धर्म आणि सैन्य. चौथी बाजू त्यानं कलेला दिली, आणि तीही त्या तिघांच्या तोडीची. सुमारे ८७ मीटर लांब दर्शनी बाजू, तिच्यावर एका ओळीत अठरा आयोनिक खांब. मधे त्रिकोणी शिखर नाही, उंचवटा नाही, 'दार इथे आहे' असं सांगणारं काही नाही. सबंध मैदानाला उत्तर देणारी एक लांब सरळ ओळ. समोर अवाढव्य राजवाडा असताना इमारतीनं टिकून राहायचं तर लहान लहान हालचाली कामाच्या नव्हत्या. ग्रीक लोकांच्या चौकांत स्टोआ नावाच्या लांब खांबओळी असत, लोक तिथे फिरत, बोलत, सावलीला थांबत. शिंकेलनं मंदिराचा दर्शनी भाग उचलला नाही, सार्वजनिक ओसरी उचलली. 'खांब उचलण्यात काय मोठेपण' याला माझं उत्तर हेच, की काय उचललं आणि कशासाठी, ते बघा.

मुंबईच्या वाचकांसाठी एक तुलना. आपला टाऊन हॉल, म्हणजे एशियाटिकची इमारत, १८३३ ची. त्याच ग्रीक लाटेतली आणि आल्टेस म्युझियमपेक्षा तीन वर्षांनी धाकटी. एशियाटिकच्या पायऱ्या चढून तुम्ही डोरिक खांबांपाशी पोचता आणि आत शिरलात की शहर पाठीमागे राहतं. बर्लिनमध्ये शिंकेलनं नेमकं उलटं केलं.

मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा विद्यार्थ्यांचा एक गट माझ्याबरोबर होता. बाहेरच्या रुंद पायऱ्या चढून खांबांच्या मागे आलो. मधोमध, आत सरकवलेल्या जागेत, चार खांबांची आणखी एक ओळ आहे आणि तिच्या मागे मुख्य जिना. हा जिना दोन बाजूंनी चढतो. आधी तुम्ही भिंतीच्या आडोशाला, थोड्या अंधारात जाता. मग वळता आणि परत उजेडाकडे चढायला लागता. वर पोचता तेव्हा तुम्ही इमारतीच्या आत आहात, पण समोर भिंत नाही. खांबांची एक ओळ, तिच्यापुढे दुसरी ओळ आणि त्यांच्या फटींतून बाग, झाडं, शहर. आज तिथे काच लावलेली आहे, पूर्वी वारा सरळ आत यायचा. माझे विद्यार्थी संग्रह बघायला आले होते, पण पंधरा मिनिटं कठड्याला टेकून शहरच बघत राहिले. कुणी बोलत नव्हतं. त्या जागी उभं राहिल्यावर मला पालेर्मोचा देखावा कळला. प्रेक्षक मधे आणि भोवती शहर. फक्त इथे शहर खरं होतं.

जिन्याच्या दोन बाजूंच्या मधे मोठा गोल दिवाणखाना आहे, रोमच्या पँथिऑन या प्राचीन घुमटाच्या मंदिरावरून घेतलेला, सुमारे २३ मीटर व्यासाचा. बाहेरून त्याचा घुमट दिसत नाही, त्याच्याभोवती चौकोनी भिंत आहे. शेजारी कॅथीड्रलचा घुमट होता आणि त्याच्याशी स्पर्धा नको होती. हा घुमट आणि खांबओळ म्हणजे जागेची नि पैशांची नासाडी आहे, असा आक्षेप पुरातत्त्वज्ञ आलोइस हिर्टनं घेतला होता. शिंकेलचं म्हणणं असं की माणूस मूर्ती बघायला सुरुवात करण्याआधी त्याचं मन त्यासाठी तयार व्हायला हवं. आधी आनंद, मग शिक्षण, हे त्याचं आणि चित्रसंग्रहाचे तज्ज्ञ वागेन यांचं सूत्र होतं. हिर्टचा मुद्दा हिशेबाला धरून होता, पण माझं मत शिंकेलच्या बाजूनं आहे, कारण त्या गोल दिवाणखान्यात शिरताना लोकांचे आवाज आपोआप खाली येतात हे मी स्वतः ऐकलंय.

खर्चाबद्दल एक गोष्ट पुस्तकं पुरेशी सांगत नाहीत. हे राज्य गरीब होतं. या संग्रहालयाचे दर्शनी खांब दगडी असले तरी बाकी बऱ्याच भिंती विटेच्या आहेत, गिलावा करून दगडासारख्या रेघा ओढलेल्या. बर्लिनमधल्या क्रॉइत्सबर्ग टेकडीवरचं युद्धस्मारक ओतीव लोखंडाचं आहे. बर्लिनजवळच्या पॉट्सडॅममधला शार्लोटेनहोफ हा छोटा राजवाडा म्हणजे एका जुन्या शेतघराचं रूपांतर, तेही युवराजाच्या बेताच्या खर्चात. तिथे निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कागद आणि कापड लावून तंबूसारखी केलेली एक खोली आहे. भिंतीवरचा तेवढा कागद, पण खोली विसरता येत नाही.

१८२६ मध्ये तो मित्र पेटर बॉइटबरोबर इंग्लंडला गेला. निमित्त संग्रहालयं बघण्याचं होतं, पण वहीत गिरण्या, गोद्या, लोखंडी छपरं आणि वेल्समधला मेनायचा झुलता पूल यांची चित्रं भरली. मँचेस्टरच्या सात-आठ मजली लाल विटांच्या गिरण्या बघून तो हादरला. नुसत्या गरजेपोटी, वास्तुकलेचा विचार न करता उभे केलेले प्रचंड ढीग, अशा अर्थाचं त्यानं लिहून ठेवलंय. पण त्या गिरण्यांची रचना कशी आहे, आगीला त्या कशा टिकतात, ते त्यानं बारकाईनं टिपून घेतलं. तिटकारा आला म्हणून डोळे मिटले नाहीत.

बाउअकादमी त्यातून आली, १८३२ ते १८३६. चारी बाजू सारख्या, प्रत्येक बाजू सुमारे ४६ मीटर, प्रत्येक बाजूला आठ गाळे, म्हणजे दोन खांबांमधले आठ सारखे भाग. आत विटेचे खांब, त्यांच्यावर सपाट कमानी, कमानींना ताण देणाऱ्या लोखंडी सळ्या. बाहेरच्या भिंतीवर जे उभे खांब दिसतात ते आतल्या सांगाड्याचेच. तळमजल्यावर भाड्यानं दिलेली दुकानं, वर शाळा, त्याच्या वर बांधकाम खातं आणि शिंकेलचं राहतं घर. गिलावा कुठेच नाही. लाल वीट, मधूनमधून चकाकणाऱ्या विटांचे बारीक आडवे पट्टे, आणि खिडक्यांखाली भाजलेल्या मातीच्या चित्रपट्ट्या, त्यांत बांधकामकलेचीच कहाणी. ही कोणती शैली? प्रमाणं ग्रीक शिस्तीची, सांगाडा गॉथिक बांधकामासारखा, धडा मँचेस्टरचा आणि माल बर्लिनभोवतालच्या ब्रांडेनबुर्ग प्रांताच्या मातीचा. दगड लांबून आणावा लागायचा, माती पायाखाली होती.

फ्रीडरिशस्वेर्डर चर्चचंही तसंच, १८२४ ते १८३१. त्यानं आधी रोमन मंदिराच्या धर्तीचे आराखडेही केले होते. शेवटी युवराजाच्या आग्रहानं गॉथिक ठरलं. तुमच्या मनातली गॉथिक चर्चं म्हणजे टोकदार मनोरे आणि आकाशात घुसणारी शिखरं. हे चर्च सपाट माथ्याचं आहे, कडा करकरीत, खिडक्या ओळीनं. मंदिराची शिस्त अंगात घेतलेलं गॉथिक. आणि वीट उघडी. त्या काळच्या बर्लिनमध्ये चांगली इमारत म्हणजे गिलाव्याची, हे गृहीतच होतं. उघड्या विटेची भिंत हाताच्या अंतरावरून बघा: दर्ज इतकी बारीक की गवंड्याला चूक झाकायला जागाच नाही. गिलाव्याखाली सगळं खपतं, हे मला माझ्या कामावर रोज दिसतं. उघडं वीटकाम मागणारा वास्तुकार विटभट्टीपासून गवंड्यापर्यंत सगळ्यांनाच नव्यानं शिकवत असतो, आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी बर्लिनमध्ये वीट उघडी ठेवली त्यामागे हे शिक्षण आहे. शेजारच्या नव्या बांधकामाच्या खोदाईमुळे या चर्चला मोठे तडे गेले होते. २०१२ पासून ते बंद ठेवावं लागलं, २०२० मध्ये पुन्हा उघडलं. आत एकोणिसाव्या शतकातली शिल्पं मांडली आहेत.

माझ्या स्वतःच्या क्षेत्राबद्दल थोडं. १८१५ मध्ये शिंकेलनं सरकारला एक टिपण दिलं, की जुन्या वास्तूंची यादी करा, त्यांच्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा उभी करा, नाहीतर थोड्याच काळात देश उघडाबोडका होईल. पुढच्या वर्षी कलोनच्या अर्धवट कॅथीड्रलची पाहणी करून अहवाल दिला. प्रशियात वास्तुजतनासाठी पहिला सरकारी अधिकारी नेमला गेला तो १८४३ मध्ये, शिंकेलच्या मृत्यूनंतर. ज्याला लोक ग्रीक खांबांचा माणूस म्हणतात, तो मोडक्या गॉथिक मठांसाठी सरकारदरबारी पत्रं लिहीत होता, हे तुमच्या सेमिनारमध्ये जरूर घाला.

खात्याच्या कामानं तो पिळून निघाला. राज्यभरातले आराखडे त्याच्या टेबलावरून जायचे, दौरे संपायचे नाहीत. ग्रीसचा राजा ओटो याच्यासाठी अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर आणि रशियाच्या सम्राज्ञीसाठी क्राइमियात आखलेले राजवाडे कागदावरच राहिले. वास्तुकलेचं एक मोठं पाठ्यपुस्तक तो तरुणपणापासून लिहीत होता, तेही पुरं झालं नाही. त्याच्या टिपणांत एक कबुली आहे. आपण एके काळी उपयोग आणि बांधकाम एवढ्यावरूनच आकार काढत बसलो, त्यामुळे काम कोरडं झालं. इतिहास आणि काव्य हे दोन घटक त्यातून सुटले, असं त्यानं लिहिलंय. बाउअकादमीसारखी इमारत करणाऱ्याला हे जाणवावं, याचं मोल मला फार वाटतं.

सप्टेंबर १८४० मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. वर्षभर तो अंथरुणाला खिळला आणि ९ ऑक्टोबर १८४१ ला बाउअकादमीतल्या घरीच गेला, साठ वर्षांचा असताना. दुसऱ्या महायुद्धात ती इमारत जळाली. तिची दुरुस्ती सुरूही झाली होती, पण १९६२ मध्ये ती पाडली आणि तिथे पूर्व जर्मनीचं परराष्ट्र मंत्रालय बांधलं. १९९५ मध्ये तेही पाडलं. तिचा एक दरवाजा वाचला आणि जवळच्या एका उपाहारगृहाला लावला गेला. पुढे २००१-०२ मध्ये नमुना म्हणून इमारतीचा एकच कोपरा जुन्या पद्धतीनं बांधून काढला. तो मी पाहिलाय. अशी वीट आणि अशा मातीच्या पट्ट्या आज बनवता येतात का, हे त्यातून तपासायचं होतं. सबंध इमारत पुन्हा उभारण्यासाठी संसदेनं २०१६ मध्ये ६ कोटी २० लाख युरो मंजूर केले, आणि ती जशीच्या तशी बांधायची की नव्या पद्धतीनं यावर वाद चालला आहे.

तुमच्या सेमिनारसाठी एक काम सुचवते. आल्टेस म्युझियमच्या वरच्या जिन्यावरून शहराकडे बघणारं शिंकेलचं रेखाचित्र मिळवा आणि त्याची मोठी प्रत काढा. फरशीच्या आणि छताच्या रेषा पट्टीनं वाढवून त्या कुठे मिळतात ते शोधा आणि तिथून क्षितिजरेषा ओढा. मग ती रेषा चित्रातल्या माणसांच्या अंगावर कुठे येते, आणि खांबांच्या कोणत्या फटीतून कोणती इमारत दिसते, ते आजच्या बर्लिनच्या नकाशावर खुणा करून मांडा. शैलीचं नाव स्लाइडवर त्यानंतर लिहा.